ओव्हन न लावता हॅलोविनची जाळीदार चॉकलेट बार्क

2024 साली हॅलोविन आणि लक्ष्मीपूजन एकाच संध्याकाळी आलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अमावास्या 31 ऑक्टोबरच्या सकाळीच लागली, म्हणून महाराष्ट्रात पूजा 1 नोव्हेंबरला असली तरी इथे न्यू जर्सीत बहुतेक मराठी घरांनी ती गुरुवारी, 31 तारखेलाच केली. त्या आठवड्यात ओव्हनमध्ये चिवड्याचे पोहे आणि गॅसवर चकलीची कढई होती. मुलांच्या हॅलोविनसाठी जे काही करायचं, ते शक्यतो या दोन्हींना हात न लावता व्हायला हवं होतं. चॉकलेट बार्क तशी होते: चॉकलेट वितळवायचं, बटर पेपरवर पसरायचं, वर काहीबाही टोचायचं, घट्ट झालं की हाताने वेडेवाकडे तुकडे करायचे. "दहा मिनिटांचं काम" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ती नीट जमायला जवळजवळ तीन आठवडे आणि दोन फसलेले घाणे लागले, आणि दोन्ही वेळा चूक पाणी किंवा तापमान यांचीच होती.

सुरुवात कागदपत्रांपासून झाली. 8 ऑक्टोबरला, मंगळवारी, शाळेची ईमेल आली: वर्गातल्या पार्टीसाठी घरी केलेलं काहीही चालणार नाही, फक्त कारखान्यातून सीलबंद आलेली आणि लेबल असलेली पाकिटं, तीही शेंगदाणे आणि सुकामेवा नसलेली. इथल्या अनेक शाळांचा हाच नियम आहे, त्यामुळे पदार्थ करण्याआधी तो कुठे जाणार आहे हे विचारून घ्या. दारोदार 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणत खाऊ मागायला येणाऱ्या अनोळखी मुलांनाही घरचं काही देऊ नये. त्यांचे आईवडील ते टाकून देतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. घरच्या खाऊला जागा उरते ती ओळखीच्या मुलांत. आमच्या वसाहतीच्या क्लबहाउसमध्ये 31 ला दुपारी साडेचार ते सहा मुलांचा कार्यक्रम होता. तिथे घरचा पदार्थ चालणार होता, पण फॉर्म भरून.

फॉर्म दोन पानांचा होता. पदार्थाचं नाव, सगळे घटक, कोणत्या दिवशी केला, आणि नऊ ॲलर्जनपुढे, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांपुढे, खुणा: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोया आणि तीळ. तीळ या यादीत नवा आहे. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून लेबलवर तिळाचा उल्लेख बंधनकारक झाला. मुदत 18 ऑक्टोबरची होती. 11 ला फॉर्म पाठवला, 15 ला उत्तर आलं की वापरणार असलेल्या प्रत्येक पाकिटाच्या घटकयादीचा फोटो जोडा. म्हणजे खरेदी आधी, परवानगी नंतर. हे आधी माहीत असतं तर पाकिटं रिकामी करून फेकली नसती.

या नऊ खुणांपाशी मराठी स्वयंपाकघराने थांबून विचार करायला हवा. बार्कमध्ये शेंगदाणा नसेल, पण त्याच ओट्यावर दोन दिवसांपूर्वी चिवड्यात शेंगदाणे आणि काजू पडलेले असतात, चकलीच्या भाजणीच्या पिठात तीळ मळलेले असतात, आणि दाण्याच्या कुटाचा मिक्सर तर रोजचाच. "यात शेंगदाणे नाहीत" असं लिहिणं खरं असलं तरी पुरेसं नाही. आम्ही कार्डावर सरळ लिहिलं: "शेंगदाणे, सुकामेवा आणि तीळ वापरल्या जाणाऱ्या स्वयंपाकघरात केलेलं." ज्या मुलाला तीव्र ॲलर्जी आहे त्याची आई हे वाचून नाही म्हणेल, आणि तेच योग्य आहे. चॉकलेट चिप्सच्या पिशवीवरचं "मे कन्टेन", म्हणजे "यात अमुक असू शकेल", हे वाक्यही नीट वाचा. ते छापणं कंपनीच्या मर्जीवर असतं, सक्तीचं नसतं. ते नसलं म्हणजे धोका नाही असा अर्थ होत नाही.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक गोष्ट. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायची सवय असते, इथे तसा ठिपका नसतो. हॅलोविनला सगळीकडे दिसणारं पिवळं-केशरी-पांढरं कँडी कॉर्न आणि मार्शमेलो यांत बहुधा जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. चकचकीत गोळ्यांवरचं 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' म्हणजे लाखेच्या किड्यापासून येणारं शेलॅक, आणि 'कार्माइन' हा लाल रंग कोचिनील किड्यापासून. कोणाला काय चालतं हे ज्याचं त्याने ठरवावं, पण यादी वाचून ठरवावं. आम्ही कँडी कॉर्न वगळलं. तयार मिळणारे साखरेचे डोळे घेताना तीन पाकिटं उलटून पाहिली, तेव्हा ग्लेझ नसलेलं एक सापडलं.

पहिला घाणा शनिवारी, 12 ऑक्टोबरला. फक्त 110 ग्रॅम काळं चॉकलेट, डबल बॉयलरवर, म्हणजे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाडगा ठेवून. चॉकलेट छान वितळलं. वाडगा उचलून ट्रेवर ओतताना त्याच्या बुडाला लागलेल्या वाफेचे थेंब चॉकलेटमध्ये पडले, आणि डोळ्यांदेखत त्याचा ओल्या मातीसारखा रवाळ गोळा झाला. चॉकलेटमध्ये साखर आणि कोकोचे अतिशय बारीक कण चरबीत तरंगत असतात. चमचाभर पाण्यानेही त्यातली साखर ओली होते, कण एकमेकांना चिकटतात आणि सगळं आखडतं. गंमत अशी की थोडं पाणी घात करतं, भरपूर पाणी नाही. एक-एक चमचा गरम दूध घालत घोटत राहिलं की चार-पाच चमच्यांनंतर ते पुन्हा गुळगुळीत होतं. मात्र ते आता सॉस असतं. पोळीला लावा, दुधात घाला, बार्क काही त्याची होत नाही.

त्याच दिवशी पांढऱ्या चॉकलेटला केशरी करायला बर्फीत घालतो तो द्रवरूप रंग दोन थेंब घातला. तेही आखडलं, कारण तोच, रंगात पाणी. चॉकलेटला तेलात कालवलेला खास रंग लागतो. तो नसेल तर रंगीत 'कँडी मेल्ट्स', म्हणजे वितळवून ओतायच्या तयार चकत्या, घ्याव्यात, रंग घालायच्या फंदात पडू नये.

शनिवारी, 19 ऑक्टोबरला मायक्रोवेव्ह वापरला. पाण्याचा प्रश्न मिटला. काळ्याचा थर, तो फ्रिजमध्ये घट्ट, त्यावर पांढऱ्याचा थर, पुन्हा फ्रिज. संध्याकाळी देखणं दिसत होतं. तोडायला घेतल्यावर पापुद्रा सुटावा तसा पांढरा थर काळ्यापासून वेगळा झाला. खालचं चॉकलेट गार होऊन पूर्ण घट्ट आणि आकसलेलं असलं की वरचं त्याला धरत नाही. दोन थर हवेच असतील तर खालचा थर नुसता निस्तेज दिसू लागला, बोटाला अजून किंचित चिकटतोय, अशा वेळी वरचा ओतायचा. आणि सोमवारपर्यंत उरलेल्या तुकड्यांवर राखाडी पट्टे आले, हातात धरताच ते वितळू लागले. खराब झालं नव्हतं, खायला ठीक होतं, पण मुलांच्या हातात देण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी मन खट्टू झालं, कारण मुदतीचा फॉर्म मंजूर होऊन आला होता आणि पदार्थ मात्र जमत नव्हता.

त्या राखाडी पट्ट्यांचं कारण समजून घेतलं तेव्हा उरलेलं सगळं सोपं झालं. कोको बटर घट्ट होताना सहा प्रकारचे स्फटिक करू शकतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा: चमक देणारा, कट्कन तुटणारा, साधारण 34 अंशांना म्हणजे तोंडात वितळणारा. पूर्ण वितळवलेलं चॉकलेट तसंच फ्रिजमध्ये ढकललं की घाईघाईत कमकुवत स्फटिक तयार होतात आणि दोन दिवसांत चरबी वर येऊन पांढुरकी दिसते. टेम्परिंग म्हणजे हवे ते स्फटिक जिवंत ठेवून चॉकलेट घट्ट होऊ देणं. त्याला संगमरवरी ओटा लागत नाही. दह्याला विरजण लावतो तोच प्रकार: कारखान्यातून आलेल्या चिप्समध्ये योग्य स्फटिक आधीच असतात, तेच थोडे बाजूला ठेवून वितळलेल्यात मिसळायचे. लागतो फक्त थर्मामीटर. 13 डॉलरला मिळाला, आणि या सगळ्या खर्चातला हाच खर्च पुढच्या वर्षीही कामी येणारा.

ज्यांना हे करायचंच नाही त्यांनी कँडी मेल्ट्स किंवा भारतात मिळणारा कंपाउंड स्लॅब घ्यावा. त्यात कोको बटरऐवजी बहुधा पाम कर्नलसारखं वनस्पती तेल असतं, टेम्परिंग लागत नाही, वितळवा आणि ओता. चव थोडी मेणचट लागते, पण पुण्या-मुंबईच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात तोच व्यवहार्य मार्ग आहे. खरं चॉकलेट तिथे एसी लावलेल्या खोलीतच करावं. फक्त दोन्ही एकत्र वितळवू नका. पाम कर्नल तेल आणि कोको बटर एकमेकांत मिसळले की मिश्रण दोघांपेक्षाही मऊ राहतं आणि लवकर पांढरं पडतं. एकाच्या घट्ट झालेल्या थरावर दुसऱ्याच्या रेघा चालतात. पांढऱ्या चिप्स घेतानाही नाव नीट वाचा. अमेरिकेत 'व्हाइट चॉकलेट' म्हणायला किमान 20 टक्के कोको बटर असावं लागतं. नुसतं 'व्हाइट चिप्स' लिहिलं असेल तर ते बहुधा कंपाउंडच.

शेवटचा घाणा बुधवारी, 30 ऑक्टोबरला रात्री नऊ वाजता घेतला. धनत्रयोदशी आदल्या दिवशी होऊन गेली होती, चकल्या दुपारीच तळून झाल्या होत्या. गॅस बंद होऊन, खिडकी उघडून, वाफ आणि तळणीचा वास गेल्यावरच चॉकलेट उघडलं. कोको बटर वास फार पटकन धरतं. हिंग-लसणाच्या फोडणीशेजारी उघडं ठेवलेलं चॉकलेट दुसऱ्या दिवशी हिंगाचंच लागतं, आणि आपल्या फ्रिजचाही वास त्याला लागतो. म्हणून फ्रिजमध्ये जाणारा ट्रे नेहमी घट्ट गुंडाळलेला.

दोन ट्रे करायचे होते. एका ट्रेला काळं चॉकलेट 340 ग्रॅम, म्हणजे 12 औंसांची एक पिशवी. जाळीसाठी खरं पांढरं चॉकलेट 85 ग्रॅम. छोटे प्रेत्झेल, म्हणजे गव्हाची खारी, गाठीच्या आकाराची कुरकुरीत बिस्किटं, एक मूठ, 40 ग्रॅमच्या आसपास. सोललेल्या हिरव्या भोपळ्याच्या बिया दोन मोठे चमचे. डोळे तीस. कोरून कंदील केलेल्या भोपळ्यातल्या बियाही चालतात असं वाटेल, पण त्यांचं टरफल चिवट असतं आणि त्या आतून ओल्या राहतात. हिरव्या बिया वेगळ्या जातीच्या, बिनटरफलाच्या मिळतात. त्या कोरड्या कढईत मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून पूर्ण गार केल्या. गरम बी चॉकलेटचं टेम्परिंग तिथल्या तिथे मोडतं.

गव्हाची ॲलर्जी असलेलं एक मूल येणार होतं, म्हणून पहिला ट्रे प्रेत्झेलशिवाय आणि दुसरा प्रेत्झेल घालून. क्रम महत्त्वाचा आहे, उलट केला तर चुरा पहिल्यात जातोच.

340 पैकी 225 ग्रॅम चिप्स कोरड्या ठणठणीत काचेच्या वाडग्यात घेतल्या. मायक्रोवेव्ह निम्म्या पॉवरवर, 30 सेकंद, मग ढवळणं, पुन्हा 30 सेकंद. चिप्स वितळल्या तरी आकार सोडत नाहीत, त्यामुळे नुसतं बघून अंदाज येत नाही, ढवळावंच लागतं. एकूण अडीच मिनिटं लागली. 46 अंशांवर थांबले. पन्नाशी ओलांडली की चॉकलेट दाट आणि रवाळ होतं आणि त्याला परतीचा रस्ता नाही. मग उरलेल्या 115 ग्रॅम चिप्स घालून रबरी स्पॅचुलाने हलकेच ढवळत राहायचं. इथे धीर लागतो. 40 पर्यंत भराभर उतरतं, 36 नंतर पारा हलतच नाही असं वाटतं. तेरा मिनिटांनी 32 अंश, म्हणजे 90 फॅरनहाइटच्या जवळपास आलं. सुरीचं टोक बुडवून ओट्यावर ठेवलं. पाच मिनिटांत ते चमकदार घट्ट झालं तर तयार. चिकट किंवा चट्ट्यापट्ट्यांचं राहिलं तर आणखी दोन-चार चिप्स घालून ढवळत राहायचं. तोवर वाडग्यातलं घट्ट होऊ लागलं तर मायक्रोवेव्हमध्ये फक्त पाच सेकंद, त्याहून जास्त नाही.

पांढऱ्याचं तेच, पण सौम्य: 60 ग्रॅम वितळवून 43 अंशांच्या आत, मग 25 ग्रॅम घालून 29 अंशांपर्यंत. त्यातल्या दुधामुळे ते लवकर करपतं. ते काळ्याच्या आधीच तयार करून झिपच्या पिशवीत भरलं आणि कोमट फडक्यात गुंडाळून ठेवलं. थंड झालेल्या पिशवीतून रेघ येत नाही, ठिपके येतात.

ट्रेवर बटर पेपर आधीच चिकटवलेला असावा, चार कोपऱ्यांत चॉकलेटचाच एकेक ठिपका लावून. फॉइल घेऊ नका, तिच्या सुरकुत्या चॉकलेटवर उमटतात. 22 बाय 28 सेंटीमीटरच्या चौकोनात काळं पसरलं, जाडी साडेचार मिलिमीटरच्या आसपास. याहून पातळ केलं तर तुकडे हातात मोडतात, जाड केलं तर लहान मुलांच्या दातांना त्रास. ट्रे दोन-तीनदा ओट्यावर आपटला, बुडबुडे फुटले.

मग जाळी. पिशवीचा कोपरा कात्रीने तांदळाच्या दाण्याएवढा कापला. मध्ये एक ठिपका, त्याभोवती एकात एक चार वर्तुळं, दोन रेघांमध्ये थोडीशीच जागा. टूथपिक ठिपक्यात टेकवून बाहेरच्या कडेपर्यंत सरळ ओढली. पांढरी वर्तुळं काडीबरोबर बाहेर खेचली जाऊन टोकदार झाली. काडी पुसली, पुन्हा मध्यापासून, समोरच्या बाजूला. मग आडवी, मग तिरप्या. आठ ओढींत कोळ्याचं जाळं तयार. ओल्या रंगात काडी फिरवून रांगोळीची पाकळी काढणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. दाराबाहेर दुसऱ्या दिवशी तीच नक्षी पिठाने निघणार होती. काडी न पुसता दुसरी ओढ घेतली तर काळ्याचा चिखल पांढऱ्यात येतो, आणि काडी खोल खुपसली तर खालचा कागद फाटतो. वरच्यावर, मिलिमीटरभरच. एका ट्रेवर अशी सहा जाळी बसतात. वेळ पाच-सहा मिनिटांचाच असतो, त्यानंतर चॉकलेट दाटतं आणि काडी नांगरासारखी चर पाडते. म्हणून दोन्ही ट्रेचं चॉकलेट एकदम तयार करू नये.

जाळ्यांच्या मधल्या जागेत बिया भुरभुरल्या, डोळे जोडीजोडीने बसवले. दुसऱ्या ट्रेवर प्रेत्झेल हलके दाबून अर्धे बुडवले. नुसते वर ठेवलेले तोडताना गळून पडतात. केशरी कँडी मेल्ट्सच्या रेघा सर्वांत शेवटी, खालचं घट्ट झाल्यावर.

खोलीचं तापमान 20 अंश होतं, त्यामुळे ट्रे वीस मिनिटं ओट्यावरच ठेवले. कडा कागदापासून आपोआप सुटू लागल्या, हीच टेम्परिंग जमल्याची खूण. मग गुंडाळून फक्त पंधरा मिनिटं फ्रिज. जास्त वेळ ठेवलं तर बाहेर काढल्यावर दव धरतं, त्यात वरची साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरा थर येतो. डोळ्यांचा काळा रंगही ओघळतो. आणि गुंडाळी लगेच सोडायची नाही, ट्रे खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा.

एका ट्रेचे पंचवीस तुकडे झाले, प्रत्येकी 20 ग्रॅमच्या आसपास. बोटांचे ठसे चमकेवर उमटतात, म्हणून पातळ हातमोजे. दोन-दोन तुकडे पारदर्शक पिशवीत, एकूण पंचवीस पिशव्या, गव्हाशिवायच्या पिशव्यांना हिरवी फीत. प्रत्येकीत घटकांचं कार्ड. फराळाच्या डब्यात हे तुकडे सुटे टाकू नका, शंकरपाळ्याचं तूप आणि चिवड्याची फोडणी दोन्ही त्यांना लागते.

खर्च: काळ्या चिप्सच्या दोन पिशव्या 7 डॉलर, पांढरं चॉकलेट साडेचार, कँडी मेल्ट्स 4, प्रेत्झेल 3, डोळे साडेतीन, बिया 3, पिशव्या आणि फिती 5. मिळून 30 डॉलर. थर्मामीटर आणि बटर पेपर 17. फसलेल्या दोन घाण्यांचे आणखी 6.

31 तारखेला सव्वाचारला क्लबहाउसच्या टेबलावर फॉर्मची मंजूर प्रत आणि कार्डं मांडली. ती सोबत नेणं बरं, कारण दारावरच्या स्वयंसेवकाने आधी तीच मागितली. दोन पालकांनी कार्ड वाचून नम्रपणे पिशवी परत ठेवली. बाकीच्या पिशव्या सहाच्या आत संपल्या, आणि साडेसहाला घरी पूजेची तयारी सुरू करता आली.

परत आलेल्या त्या दोन पिशव्या डब्यात, खोलीच्या तापमानाला ठेवल्या. भाऊबीजेच्या रविवारी उघडल्या तेव्हा चौथा दिवस होता. प्रेत्झेल किंचित सादळला होता, त्यामुळे ते तुकडे आठवड्याच्या आत संपवा. चॉकलेटवर मात्र एकही राखाडी रेघ नव्हती, जाळी तशीच पांढरीशुभ्र होती, आणि तोडताना कट्कन आवाज आला.